चार बाय सहाची मधमाशी

मधमाशी एका जागी बसत नाही, ही गोष्ट मला कोणीतरी आधी सांगायला हवी होती. सल्ला देणाऱ्यांची आमच्या इमारतीत वाण नाही. पाण्याची टाकी, गुडघेदुखी, मुलांचं शिक्षण, गाडीची बॅटरी, कशावरही न विचारता बोलणारी माणसं जिन्याच्या प्रत्येक वळणावर भेटतात. पण मी गळ्यात कॅमेरा अडकवून पहिल्यांदा खाली उतरलो, तेव्हा सगळ्यांनी मिळून एकच विचारलं, कॅमेरा केवढ्याचा.

कॅमेरा फुकटचा होता. मेव्हण्याने नवा घेतला आणि जुना, अगदी जवळचं मोठं करून दाखवणाऱ्या लेन्ससकट, माझ्या हातात ठेवला. नाहीतरी पडूनच राहणार होता, असं तो म्हणाला. माझ्याकडेही तो पडूनच राहील, हे त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी माझा रक्तदाब मोजून 'डोकं कशात तरी गुंतवा' असं सांगितलं. घरी येऊन हे बायकोच्या कानावर घातलं, तर तिने लगेच माळ्याकडे पाहिलं. आमचा माळा बरीच वर्षं आवरायचा राहिला आहे. तेव्हा दुसरं काहीतरी झटपट जाहीर करणं मला भाग होतं.

मधमाशी मात्र ऑफिसच्या कॅन्टीनमुळे आली. आमचे हेडक्लार्क रजा काढून जंगलात जाऊन आले होते आणि झोपलेल्या वाघाचा फोटो मोबाइलवर टेबलाटेबलावर फिरवत होते. मी म्हणालो, झोपलेल्याचा कोणीही काढेल, फुलावरच्या मधमाशीचा काढून दाखवा. ते म्हणाले, तुम्हीच दाखवा. टेबल हसलं. लोक हसले की माणसाने गप्प बसावं, एवढी अक्कल मला आहे, पण ती साधारण घरी पोचल्यावर येते. त्यामुळे मी, दाखवतो, असं म्हणून बसलो होतो.

इथे माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं, कारण पुढची सगळी नाचक्की तिच्यामुळे जास्त झोंबली. मी वजनमापे कार्यालयात आहे. दुकानदाराचा तराजू खरा की खोटा, पंपावरचं माप पुरतं की आखूड, पाकिटावर वजन छापलंय ते किलोत की ग्रॅममध्ये, हे तपासून शिक्का मारायचा, हे माझं काम. पाकिटावर नुसता आकडा असेल आणि पुढे एकक नसेल, तर मी त्या माणसाला उभं करून अर्धा तास ऐकवतो. केसाएवढा फरक माझ्या नजरेतून सुटत नाही, असं माझं मत आहे आणि ते मी घरात वेळोवेळी मांडलेलं आहे.

पहिला प्रयत्न सार्वजनिक बागेत केला. फुलांच्या वाफ्याशी उकिडवा बसलो न बसलो तोच रखवालदार येऊन डोक्यावर उभा राहिला. मोबाइलने वाटेल तेवढे काढा, मोठ्या कॅमेऱ्याला परवानगी लागते, असा नियम त्याने सांगितला. मोठा म्हणजे केवढा, असं मी धंद्याच्या सवयीने विचारलं. तो म्हणाला, मला दिसला म्हणजे मोठा.

उद्यान कार्यालयात खिडकीमागच्या बाईंनी मला लग्नाआधीचं शूटिंग की जाहिरात, असं विचारलं. मी कीटक म्हणालो. त्यांनी पुन्हा विचारलं, लग्न की जाहिरात. मग मी 'इतर'मध्ये जातो असं ठरलं, आणि 'इतर'वर सही करणारे साहेब महिनाभर प्रशिक्षणाला गेलेले निघाले. शिवाय फोटोत जे कोणी येतील त्यांची संमती मला आणायची होती. मी म्हणालो, मधमाशीची संमती कशी आणू. बाई अजिबात न हसता म्हणाल्या, ते अर्जदाराने बघायचं. मी स्वतः सरकारी नोकर आहे, त्यामुळे चिडण्याआधी क्षणभर मला त्यांचं कौतुकच वाटलं. मग चिडलो आणि घरी आलो.

तर असा मी आमच्याच इमारतीच्या वेलीपाशी येऊन पोचलो. आमच्या आवाराच्या भिंतीवर गुलाबी फुलांची एक वेल आहे. तिचं खरं नाव कोणालाच माहीत नाही आणि ते माहीत नाही हेही कोणी कबूल करत नाही, त्यामुळे तिला चार-पाच नावं आहेत. सासूबाई तिला 'फाटकावरची' म्हणतात. ती त्यांच्या घराच्या फाटकावर होती. सासरे गेले, गुडघे थकले, घर विकलं आणि सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या, तेव्हा बायकोने त्या वेलीची एक काडी ओल्या रुमालात गुंडाळून बरोबर आणली. घराचं म्हणून जे काही उरलं ते एवढंच. आता ती वेल भिंतभर पसरून तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांच्या पाटीपर्यंत पोचली आहे. सासूबाई रोज संध्याकाळी तिच्याशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतात. कोणी विचारलं तर म्हणतात, हवा चांगली येते.

वेलीवर सकाळपासून गुणगुण चाललेली असते. मी साडेनऊच्या सुमाराला, चहा, आंघोळ, पेपर सगळं उरकून, सुट्टीच्या दिवशी तिथे उभा राहू लागलो. आणि मग सल्ले सुरू झाले. पहिल्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, पांढरे कपडे घाला. त्यांच्या यजमानांनी सांगितलं, पांढऱ्याच्या तर वाटेलाच जाऊ नका. दातांचे डॉक्टर म्हणाले, एक चावली की तिचा वास बाकीच्यांना लागतो आणि मग सगळं मोहोळ मागे लागतं, तेव्हा तोंड झाका. आमचे सेक्रेटरी म्हणाले, श्वास घेऊ नका. हा सल्ला किती वेळ पाळायचा ते त्यांनी सांगितलं नाही.

मी कोणाचंच मन मोडलं नाही. स्कूटरचं हेल्मेट घातलं, त्यावरून जुन्या पडद्याची जाळी सोडली, अंगात रेनकोट, हातात बायकोचे भांडी घासायचे रबरी मोजे. रेनकोट निम्मा पांढरा आणि निम्मा निळा होता, म्हणजे पहिल्या मजल्यावर वाद नको. बायकोने खिडकीतून पाहिलं आणि खिडकी लावून घेतली.

आता फोटोंचं. मधमाशी बसते म्हणेपर्यंत उठते. मी बटण दाबेपर्यंत फुलावर फक्त फूल उरायचं. पहिल्या काही दिवसांत माझ्याकडे रिकाम्या फुलांचा उत्तम संग्रह झाला. बाकी फोटोंत नुसते तपकिरी फराटे. ते सगळे मी पुसून टाकत गेलो. पण चिकाटीला फळ येतं ते असं. काही मधमाश्या समजूतदार निघाल्या. त्या फुलासमोर हवेत तरंगत थांबायच्या, मग पाकळीवर बसायच्या, पंख दोन्ही बाजूंना पसरायच्या आणि माझं होईपर्यंत हलायच्या नाहीत. पिवळे-काळे पट्टे, मोठे चमकदार डोळे. मी त्यांचे शेकडो फोटो काढले. माझ्या शांत स्वभावामुळे त्यांना माझी भीती वाटेनाशी झाली आहे, असं मी घरात सांगितलं.

पहिला चांगला फोटो मी सासूबाईंना दाखवला, कारण त्या शाळेत आयुष्यभर शास्त्र शिकवत होत्या आणि त्यांच्या तोंडून कौतुक सहज निघत नाही. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं, चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाल्या, "फोटो फार स्वच्छ आलाय हो." मी तो त्यांचा शेरा त्या आठवड्यात भेटेल त्याला सांगितला.

मग एक दिवस वेलीमागच्या तारेत माझं बोट अडकून रक्त आलं. ऑफिसात बोटाला पट्टी पाहून हेडक्लार्कांनी विचारलं, काय झालं. वाघ झोपलेला होता हे मला आठवलं आणि मी म्हणालो, चावली. टेबल हसलं नाही. माझ्यासाठी बशीत बिस्किटं आली. घरी बायकोने ती तार पाहिलेली होती. ती म्हणाली, धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन या.

इथवर ठीक होतं. घोटाळा झाला तो सेक्रेटरींच्या मनात सौंदर्यदृष्टी जागी झाली तेव्हा. खालच्या प्रवेशाच्या भिंतीला ओल आली होती आणि तो डाग बाहेरच्यांना दिसायचा. तिथे तुमचा एखादा फोटो लावू, सोसायटीची शान वाढेल, असं ते म्हणाले. मी फोटो कोपऱ्यावरच्या छपाईवाल्याला पाठवला आणि फोनवर सांगितलं, चार बाय सहा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोन माणसं खांद्यावर एक गुंडाळी घेऊन आली. भिंतीवर खिळे ठोकून त्यांनी ती सोडली, आणि जिन्यातून उतरणाऱ्या पहिल्या मजल्यावरच्या काकू आल्या पावली वर गेल्या. मधमाशी जवळपास माझ्या उंचीची होती. तिचा प्रत्येक डोळा परातीएवढा होता. मी छपाईवाल्याकडे धावलो. तो म्हणाला, साहेब, आमच्याकडे फ्लेक्स सगळा फुटातच असतो, इंच हवे होते तर सांगायचं होतं. मी, ज्याने एककावरून निम्म्या बाजारपेठेला दंड केला आहे, तो त्याच्यासमोर मान खाली घालून उभा राहिलो. सेक्रेटरी मात्र खूष होते, कारण ओल पूर्ण झाकली गेली. खाली त्यांनी कागद चिकटवला: आपल्या आवारातील मधमाशी.

तिथून इमारतीचं स्वास्थ्य गेलं. लहान मुलं जिन्यातून डोळे मिटून जायला लागली. दुधवाला पिशव्या फाटकावरच ठेवू लागला. सेक्रेटरी येणाऱ्या-जाणाऱ्याला मधमाशीच्या मागच्या पायाकडे बोट दाखवून हीच नांगी म्हणून सांगायचे, आणि मी शेजारी उभा राहून गंभीरपणे मान हलवायचो. लोक आधी त्या फ्लेक्सकडे बघायचे, मग बाहेर वेलीसमोर हेल्मेट आणि जाळी घालून उभ्या असलेल्या माझ्याकडे. ज्या माणसाचं त्या मधमाश्यांशी इतकं जमतं तोसुद्धा असा नटून जातो, म्हणजे प्रकरण साधं नसणार, असा हिशेब त्यांनी मांडला. हिशेब चूक नव्हता.

अशात एक दिवस दातांच्या डॉक्टरांचा एक पेशंट दाढ काढून, गाल टम्म सुजलेला, वेलीखाली रिक्षाची वाट बघत उभा राहिला. काकूंनी त्याला वरून पाहिलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीला ठाऊक होतं की एका माणसाला मधमाशी गालावर चावली आणि त्याला उचलून न्यावं लागलं. खरं काय ते डॉक्टरांना माहीत होतं. पण एका दाढेला इतकी सूज येते हे चारचौघांत सांगणं त्यांच्या धंद्याला बरं नव्हतं, म्हणून ते हवेत बघत म्हणाले, असू शकतं.

सेक्रेटरींनी सभेची नोटीस लावली. विषय एकच: आवारातील वेल मुळासकट काढून टाकणे व फवारणी करून घेणे.

नोटीस वाचून मी वर आलो तर बायको ओट्याशी पाठमोरी उभी होती. तिला कळलं होतं. ती म्हणाली, "आईला सांगू नका अजून." पण सासूबाई आतल्या खोलीतून म्हणाल्या, मी वाचून आले. आणि मग, तुम्ही जेवून घ्या.

त्या संध्याकाळी त्या खाली बसायला गेल्या नाहीत. पाय दुखतात म्हणाल्या. बायको माझ्याशी एक शब्दही वाकडा बोलली नाही, आणि तिला मी ओळखतो. माळा आवरला असता तर हे काही झालं नसतं, हे वाक्य तिच्या ओठांवर येऊन परत जात होतं. मला लाज वाटली. ज्या काडीला तिने ओल्या रुमालात जपून आणलं होतं, तिच्यावर मी, वाघावरून सुरू झालेल्या एका फुशारकीपायी, फवारणी आणली होती.

सभेच्या दिवशी सकाळी मी भाषणाची तयारी करायला बसलो. मधमाश्या नसतील तर फळं नाहीत, भाज्या नाहीत, अशा धर्तीचं काहीतरी सडेतोड बोलावं असं मनात होतं. चार मुद्दे हवे होते. सासूबाई कपडे घडी करत होत्या. मी त्यांच्यासमोर लॅपटॉप ठेवला आणि म्हणालो, आई, तुम्ही शास्त्राच्या शिक्षिका, मधमाशीबद्दल ठोस असं काहीतरी सांगा.

त्यांनी एक टॉवेल दोनदा घडी केला. मग म्हणाल्या, "जावईबापू, तुम्ही मोजमापाच्या खात्यातले ना?"

"हो."

"मग पंख मोजा."

शाळेतही त्या उत्तर कधी सांगत नसत, असं बायको सांगते. मुलाकडूनच काढून घ्यायच्या. मी मोजले. दोन होते. पुढचा फोटो काढला, दोन. त्याच्या पुढचा, दोन. मी सगळे फोटो बघत गेलो. पसरलेले, लखलखीत, अगदी स्वच्छ आलेले दोन-दोन पंख.

"मधमाशीला चार असतात," त्या हळूच म्हणाल्या. "दोन असतात ते माशीला. ही फुलांवरची माशी आहे. पट्टे असतात तिला, म्हणून लोक फसतात. बिचारी कोणाला काही करत नाही. नांगीच नाही तिला."

मी म्हणालो, मग मधमाशी एकही नाही?

"येतात की. सकाळी लवकर येतात, आणि एवढ्या वेळ बसत नाहीत. तुम्ही जे हललेले फोटो पुसून टाकलेत ना, त्यात असतील."

म्हणजे खऱ्या मधमाश्या मी स्वतःच्या हाताने पुसल्या होत्या आणि माश्या जपून ठेवल्या होत्या. हेल्मेट घालून. मी विचारलं, तुम्हाला हे कधी कळलं.

"पहिल्याच फोटोला."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी टॉवेल मांडीवर सपाट केला. "किती खूष होता तुम्ही. ऑफिसातून आल्यावर सगळ्यांशी बोलायला लागला होता. जावयाला कोणत्या तोंडाने सांगायचं की तुम्ही माशीचे फोटो काढताय?"

"पण आई, वेल तोडतील ते. आपली फाटकावरची."

"बघू. लावू पुन्हा कुठेतरी," त्या म्हणाल्या, आणि इतक्या पटकन पुढचं कापड उचललं की मला तिकडे बघवेना. ती दुसरीकडे लावता यायची नव्हती, कारण फाटकच राहिलेलं नव्हतं. एक वाक्य बोलून त्यांना त्यांची वेल वाचवता आली असती, आणि ते वाक्य त्यांनी माझी पत राहावी म्हणून इतके दिवस गिळून ठेवलं होतं. मला रडू येईल असं वाटलं, आणि पन्नाशीच्या माणसाने माशीवरून रडणं बरं दिसलं नसतं, म्हणून मी आंघोळीला गेलो.

सभा खाली गाड्या लावतात तिथे भरली. सेक्रेटरींनी विषय वाचला, काकूंनी गालाची हकीकत सांगितली, ती आता दोन्ही गालांची झाली होती. चेअरमन, जे नेहमी ठरावाच्या वेळेलाच जागे होतात, ते जागे झाले आणि म्हणाले, मंजूर. मी उभा राहिलो.

सेक्रेटरी म्हणाले, "तुमचं काय म्हणणं असणार? तुम्हीच तर चिलखत घालून तिथे उभे असता."

मी म्हणालो, सगळ्यांनी एकदा फ्लेक्ससमोर यावं. कुरकुर करत सभा उठून प्रवेशाच्या भिंतीपाशी आली. मी म्हणालो, पंख मोजा. चार बाय सहा फुटांचा फोटो होता, चेअरमननासुद्धा चष्म्याशिवाय दिसत होतं. इंचात छापला असता तर हे जमलं नसतं. दातांचे डॉक्टर सवयीने खाली वाकून, मान तिरकी करून, पंखाच्या मुळापर्यंत बघून आले आणि म्हणाले, दोन.

"मधमाशीला चार असतात," मी म्हणालो. "ही माशी आहे. नांगी म्हणून जे दाखवतात तो पाय आहे. माझ्या एकाही फोटोत मधमाशी नाही. मी शपथेवर सांगतो."

यातला प्रत्येक शब्द खरा होता. माझ्या फोटोंत एकही नव्हती. वेलीबद्दल मला कोणी विचारलं नाही आणि मीही आपणहून काही सांगितलं नाही. मोजमापाच्या खात्यात आम्ही विचारलेल्याचंच उत्तर देतो.

मग काकूंनी त्या गालाचं काय असं विचारलं, आणि सगळ्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. ते पुटपुटले की अक्कलदाढेला कधी कधी सूज येते. एवढ्यात चेअरमन, जे आता पुरते जागे होते, माझ्याकडे वळले.

"म्हणजे इतके दिवस हेल्मेट घालून तुम्ही माशीला भीत होतात?"

अशा वेळी माणसाला सुचतं. सराव होता म्हणता आलं असतं, संशोधन म्हणता आलं असतं. समोर हेडक्लार्क असते तर मी नक्की काहीतरी म्हणालो असतो. पण मागे, लिफ्टच्या दाराशी, बायकोचा हात धरून सासूबाई उभ्या होत्या. पाय दुखत असताना खाली आल्या होत्या.

"हो," मी म्हणालो.

हसू सुरू झालं ते गाड्यांच्या टोकापर्यंत गेलं. इमारतीचा रखवालदार हसला. डॉक्टर सगळ्यांत मोठ्याने हसले, लोकांचं दाढेवरचं लक्ष उडालं होतं ना. पण माशीसाठी वेल तोडणं कोणालाच शोभणारं नव्हतं, आणि फवारणीची वर्गणी भरायची कोणाची तयारी नव्हतीच. ठराव मागे घेतला. फ्लेक्स तेवढा राहिला, कारण ओल होतीच. खालच्या कागदावर 'मधमाशी'तली पहिली दोन अक्षरं कोणीतरी पेनने खोडली.

आम्ही लिफ्टने वर आलो. दार उघडताना बायको म्हणाली, "माळा राहू दे यंदाही." आमच्याकडे याच्याहून मोठी शाबासकी नाही.

आता मला इमारतीत माशीवाले म्हणतात. ऑफिसातही ते पोचलं, कसं ते विचारू नका. हेडक्लार्कांनी कॅन्टीनमध्ये टेबलावर बसलेली एक माशी दाखवून, साहेब, कॅमेरा आणलाय का, असं विचारलं. बिस्किटं बंद झाली.

पुढच्या सुट्टीला मी सकाळी सहालाच खाली गेलो. हेल्मेट नाही, रेनकोट नाही. सासूबाई शाल घेऊन खुर्चीवर येऊन बसल्या. फुलांवर अजून दव होतं. मी फक्त उभा राहिलो. बऱ्याच वेळाने एक आली, तपकिरी, लहानशी, पट्टे फिकट, मागच्या पायांवर परागाचे पिवळे गोळे. समजूतदार अजिबात नव्हती. या फुलावरून त्या फुलावर, माझ्याकडे ढुंकूनही न बघता. मी एकदाच बटण दाबलं. उडता उडताच सापडली, पंख उघडलेले.

सासूबाईंनी कॅमेरा जवळ घेतला, चष्मा पुसला, आणि बोट न लावता मोजलं. "चार," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आमच्या फाटकावर अशाच यायच्या."

तेवढ्यात सेक्रेटरी सकाळच्या फेरीवरून परतले. मला बघून थांबले आणि म्हणाले, काय माशीवाले, आज काय मिळालं? हात पुढे करून कॅमेऱ्याकडे झुकले. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्याकडे खरी, जातिवंत, चार पंखांची मधमाशी होती. हेडक्लार्कच्या वाघाच्या तोंडावर मारावी अशी. आणि ती मला दाखवायची नव्हती.

मी काही बोलण्याआधीच सासूबाईंनी कॅमेऱ्याचा पडदा शालीने झाकला.

"दोनच पंख आहेत," शास्त्राच्या बाई म्हणाल्या. "मी मोजले."

सेक्रेटरी हसत वर गेले. आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता वेलीकडे बघत राहिलो, कारण बघितलं असतं तर आमचं हसणं त्यांना वरपर्यंत ऐकू गेलं असतं.

त्या दुपारी मी छपाईवाल्याकडे गेलो आणि म्हणालो, चार बाय सहा, इंच. 'इंच' त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं. तो फोटो आता सासूबाईंच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. बाहेरच्या कोणाला तो दिसत नाही. संध्याकाळी खाली बसायला निघताना त्या शाल काढायला कपाट उघडतात, जरा वेळ तिथेच उभ्या राहतात, आणि मग दार हलकेच लावून घेतात, फाटक लावावं तसं.